झाकण बंद असलेली बरणी

खाण्याविषयी भीती किंवा तिटकारा असलेल्या लहान मुलांसोबत मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करते. वजन, उंची आणि गिळण्याची क्रिया ठीक असल्याची डॉक्टरांनी खात्री करून दिली, की अशा मुलांना लहान गटात बसवून त्यांच्याच हातांनी खाऊ तयार करून घेणे हा माझ्या उपचाराचा मोठा भाग असतो. त्यातल्या एका सत्राविषयी इथे लिहीत आहे, कारण मुलांसोबत गमतीदार खाऊ करण्याबद्दल मला जे काही समजले आहे, त्यातले बरेचसे त्या तासाभरात एकाच टेबलावर घडताना मी पाहिले.

गटात ४ ते ७ वर्षांची मुले होती आणि प्रत्येकासोबत आई किंवा वडील बसले होते. त्यांतली सहा वर्षांची एक मुलगी टोस्ट, बिस्किटे आणि दुधाशिवायचे कोरडे सीरियल, एवढ्यावरच दिवस काढत असे. तिला आवडणाऱ्या सगळ्या पदार्थांत एक साम्य होते: ते कोरडे, कुरकुरीत आणि फिकट रंगाचे होते. अशा यादीकडे हट्ट म्हणून पाहणे मला पटत नाही. एकाच पुड्यातले प्रत्येक बिस्कीट जिभेला सारखेच लागते. उलट एक स्ट्रॉबेरी गोड निघते, दुसरी आंबट, तिसरी एका बाजूने मऊ पडलेली. ज्या मुलाच्या तोंडाला आणि हातांना स्पर्श इतरांपेक्षा तीव्र जाणवतो, त्याच्यासाठी प्रत्येक ओला पदार्थ म्हणजे नवी अनिश्चितता असते. या मुलीच्या हातावर पाण्याखेरीज कशाचाही थेंब पडला, तरी ती उठून बेसिनकडे धावत असे. दोन ते सहा या वयात नव्या पदार्थांना नकार देणे बहुतेक मुलांच्या बाबतीत घडते आणि हळूहळू ओसरते. मात्र चालणाऱ्या पदार्थांची यादी वाढण्याऐवजी आकसत जात असेल, तर तज्ज्ञांना दाखवावे, असे मी प्रत्येक पालकाला सांगते.

तिच्या आईवडिलांनी प्रयत्नांत कसूर केलेली नव्हती. काकडीच्या चकत्यांचे डोळे, टोमॅटोच्या फोडीचे हसू, पावाचा ससा, केळ्याचा डॉल्फिन, असे सारे त्यांनी मनापासून करून पाहिले होते. मुलगी ते कौतुकाने पाही, कधी चित्रही काढी आणि ताट बाजूला सारी. यात मला नवल वाटले नाही. मोठ्यांनी सजवून समोर ठेवलेल्या ताटात खेळण्यासारखे काही शिल्लक राहिलेले नसते. आकार ठरवणे, कापणे, मांडणे, ही सारी मौज करणाऱ्याने आधीच घेतलेली असते आणि मुलाच्या वाट्याला नेमके खाण्याचे तेवढे काम उरते, जे त्याला जमत नाही. ज्या मुलांना खाण्याची अडचण नाही, त्यांना असे ताट आनंदच देते. परंतु अडखळणाऱ्या मुलाला काम हवे असते, आणि ते असे हवे की ज्यात खाल्ल्याविनाही ते पूर्ण होईल.

त्या दिवशीचा बेत साधा होता: केळे आणि काकडी कापणे, काकडीच्या होड्या करणे आणि शेवटी बरणीत क्रीम हलवून लोणी काढणे. दूध, गहू, शेंगदाणे, तीळ यांपैकी कशाची कोणाला ॲलर्जी आहे का, हे आधीच विचारून घेतले होते. टेबलावर काय ठेवायचे यापेक्षा काय ठेवायचे नाही, यावर मी जास्त वेळ देते. पाच वर्षांखालील मुले असली, की पॉपकॉर्न आणि अख्खे दाणे किंवा बदाम माझ्या टेबलावर येत नाहीत. द्राक्षे उभी चिरून चार भाग केलेली असतात आणि कच्चे गाजर किसलेले असते. गमतीदार खाऊच्या चित्रांत अख्ख्या द्राक्षांचे सुरवंट आणि अख्ख्या चेरी टोमॅटोंचे डोळे दिसले, की मला खरोखर काळजी वाटते. गोल, गुळगुळीत आणि घट्ट असा तो आकार लहान मुलाच्या श्वासनलिकेत बुचासारखा बसू शकतो. तोंडात घास असताना कोणी उठायचे नाही आणि हसवाहसवी करायची नाही, हा नियमही आमच्याकडे मोठ्यांसकट सर्वांना लागू असतो.

कापण्याचे काम केळ्यापासून सुरू होते, कारण बोथट सुरीलाही ते अडत नाही आणि पहिल्याच प्रयत्नात मुलाला यश मिळते. त्यानंतर काकडी. एका हाताचा अंगठा आणि बोटे यांचा पूल करून पदार्थ धरायचा आणि त्या पुलाखालून सुरी चालवायची, ही पकड चार वर्षांच्या मुलालाही जमते. बोटांची टोके आत वळवून पंजाने धरण्याची पकड थोड्या मोठ्या मुलांना शिकवता येते. काकडी उभी चिरून चमच्याने मधला गर कोरला, की होडी तयार होते. पातळ चीजच्या त्रिकोणाचे शीड काकडीच्याच छोट्या खाचेत उभे राहते, त्यासाठी टूथपिक लागत नाही. एका चार वर्षांच्या मुलाने होडीत किसलेले गाजर भरले, ते सगळे सांडले आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून भरले. त्याच्या आईने मदतीला हात पुढे केला होता, तो तिने स्वतःहून मागे घेतला, हे मला फार आवडले.

ती मुलगी मात्र दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. तिला कोणी काही म्हटले नाही. सत्राच्या तासात 'खा', 'चाखून बघ', 'एकच घास' हे शब्द उच्चारायचे नाहीत, असे पालकांनी आधीच कबूल केलेले असते. काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती, हे मुलाने ठरवावे, अशी जबाबदारीची वाटणी अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडली आहे आणि माझ्या कामाचा पाया तोच आहे.

मग मी बरण्या आणल्या. अर्ध्या लिटरच्या, पारदर्शक, न फुटणाऱ्या प्लॅस्टिकच्या आणि पक्क्या फिरकीच्या झाकणाच्या. प्रत्येकीत सुमारे ३५ टक्के स्निग्धांशाचे २०० मिलिलिटर क्रीम ओतले. बरणी निम्म्याहून जास्त भरली, तर आत घुसळायला जागा राहत नाही. क्रीम साधे लागते, घट्टपणा टिकवणारे पदार्थ घातलेल्या क्रीमचे लोणी सहज निघत नाही; शिवाय ते फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवावे, कारण फार थंड असले तर मुलांचे हात आधी थकतात आणि कोमट झाले तर लोणी तेलकट, लिबलिबीत होते. झाकणे मी स्वतः घट्ट केली आणि बरण्या उलट्या धरून दाखवल्या. एक थेंबही पडला नाही. हे दाखवणे त्या मुलीसाठी होते. ती टक लावून पाहत होती.

बरणी तिच्या शेजारच्या मुलाकडून पुढे सरकली, तेव्हा तिने ती उचलली. कोणताही आग्रह नसताना दोन्ही हातांनी घट्ट धरून ती हलवू लागली. ओला, चिकट, पांढरा पदार्थ तिच्या तळहातांपासून प्लॅस्टिकच्या एका पातळ भिंतीइतक्या अंतरावर होता आणि ते अंतर तिला पुरेसे होते.

पहिली काही मिनिटे बरणीतून डुचमळण्याचा आवाज येतो. क्रीममधल्या स्निग्धांशाचे सूक्ष्म गोळे प्रत्येकी एका पातळ आवरणात असतात, म्हणून ते एरवी एकमेकांना चिकटत नाहीत. हलवताना हवा आत शिरते, आवरणे जागोजागी फाटतात, गोळे एकमेकांना धरू लागतात आणि त्यांच्या जाळीत हवेचे बुडबुडे अडकतात. मग बरणी जड वाटू लागते आणि आवाज थांबतो. इथेच बहुतेक मुलांना वाटते की काम फसले. शेजारचा मुलगा म्हणालाच, "ताई, बिघडलं हे." त्या मुलीने बरणी कानाशी नेली आणि म्हणाली, "नाही. फक्त आवाज गेलाय." त्या टेबलावर ती स्वतःहून बोललेले ते पहिले वाक्य होते.

मी तिला सांगितले की आवाज परत येईल, तो आला की सगळ्यांना तूच सांग. आता तिच्याकडे गटातले एक खरे काम आले. बरणी मुलांच्या हातांतून फिरत राहिली आणि दर फेरीला ती कान लावून तपासू लागली. साधारण दहा ते पंधरा मिनिटे सलग हलवल्यावर ती जाळी अचानक कोसळते. स्निग्धांशाचे पिवळसर कण एकत्र येतात आणि पातळ, पांढुरके ताक वेगळे होते. बरणीत धप्प असा आवाज झाला. "आलं! पाणी आलं!" असे ती इतक्या मोठ्याने ओरडली, की दुसऱ्या टोकाच्या मुलांनी आपल्या होड्या सोडून धाव घेतली. पांढऱ्या क्रीममधून पिवळे लोणी कसे निघाले, हा प्रश्न एका मुलाने विचारला. गाईच्या चाऱ्यातले कॅरोटीन हे रंगद्रव्य स्निग्धांशात साठते आणि क्रीममध्ये ते पांढरेपणाआड झाकलेले असते, हे उत्तर मी दिले. ते ऐकून त्याने हातातल्या किसलेल्या गाजराकडे संशयाने पाहिले, आणि त्याचा संशय योग्यच होता, कारण गाजराचा रंगही त्याच कुळातला.

ताक गाळून लोण्याचा गोळा थंड पाण्याच्या भांड्यात घेतला आणि मुलांनी तो चमच्यांनी दाबून धुतला. राहिलेले ताक निघून गेले नाही, तर लोणी लवकर आंबते. त्या मुलीने लांब दांड्याचा चमचा मागितला आणि तो घेऊन तीही दाबू लागली. कोणाच्या तरी चमच्याचा फटका बसून पाणी उडाले आणि दुधट थेंब तिच्या मनगटावर पडले. तिचे वडील अर्धवट उठले, कारण पुढे काय होते हे त्यांना ठाऊक होते. प्रत्येक मुलाशेजारी मी ओला रुमाल घडी करून ठेवते. तिने मनगटाकडे पाहिले, रुमालाने पुसले आणि पुन्हा चमचा उचलला. ती बेसिनकडे गेली नाही. नंतर जे घडले त्याचे घरच्यांना अधिक अप्रूप वाटले, पण माझ्या नोंदवहीत त्या दिवसाची मुख्य घटना म्हणून हीच लिहिलेली आहे.

मीठ किती घालायचे हे मुलांनी ठरवायचे होते. तिने दोन चिमटी घातले. त्यानंतर मी टोस्ट मांडले. ते मुद्दाम निवडलेले होते. नव्या पदार्थाची गाठ ओळखीच्या पदार्थाशी घालून दिली, तर पाऊल छोटे होते. टोस्टला काहीही लावलेले तिला कधी चालत नसे. आज लावणारी ती स्वतः होती आणि सुरीचा दांडा मधे होता. तिने टोस्टच्या अर्ध्या भागावर लोणी पसरले, अर्धा कोरा ठेवला आणि कोऱ्या बाजूने खायला सुरुवात केली. लोण्याच्या कडेशी आल्यावर ती थांबली, तिने वास घेतला, आणि पुढच्या घासात कडेचे थोडे लोणी तिच्या तोंडात गेले.

"खारट आहे," ती म्हणाली.

वडिलांच्या ओठांवर शाबासकी आली होती. मी त्यांना खुणेने थांबवले. मुलांच्या खाण्याच्या सवयींचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ लीॲन बर्च यांनी सहकाऱ्यांसह १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बक्षीस किंवा शाबासकी देऊन मुलांना प्यायला लावलेल्या पेयाची त्यांची आवड वाढण्याऐवजी घटली होती. कौतुक करावे, पण घासाचे करू नये, असे मला वाटते. वडिलांनी विचारले, "मीठ किती घातलंस, बाळा?" आणि ती तिच्या दोन चिमटींविषयी, आवाज आधी कोणी ओळखला याविषयी, भरभरून सांगत राहिली. बोलता बोलता उरलेल्या टोस्टचा बराचसा भाग संपला. थोडा तिने ताटात ठेवला आणि तो तसाच राहू दिला गेला.

घरी काय करायचे याविषयी मी तिच्या आईवडिलांना एवढेच सांगितले की दर आठवड्याला एकदा बरणी काढा आणि टोस्टवर लोणी लावायचे की नाही, हे तिच्यावर सोडा. याच लीॲन बर्च यांच्या १९८२ सालच्या अभ्यासात दोन वर्षांच्या मुलांना अनोळखी फळे आणि चीज कमीअधिक वेळा चाखायला दिले होते; जो पदार्थ जितक्या जास्त वेळा चाखला गेला, तितकी त्याची पसंती वाढलेली आढळली. एका यशाने हुरळून दुसऱ्याच दिवशी टोस्टवर ॲव्होकॅडो ठेवणारे पालक मी पाहिले आहेत, म्हणून हे त्यांना दोनदा समजावले. त्यांनी धीर धरला. आता लोणी लावलेला टोस्ट तिच्या यादीत पक्का आहे, आणि 'आवाज गेल्यावर' थांबले की बरणीत फेटलेले क्रीम मिळते, हे तिने स्वतः शोधून काढले आहे. त्यात स्ट्रॉबेरी बुडवून ती धाकट्या भावाला देते. स्वतः खात नाही, मात्र देठ काढून ती बोटांनी धरते.

पुढच्या सत्रासाठी मी गोठवून वाळवलेली स्ट्रॉबेरी आणून ठेवली आहे. ती कोरडी आणि कुरकुरीत असते, म्हणजे चवीला स्ट्रॉबेरी असूनही स्पर्शाला तिच्या बिस्किटांच्या जवळची. ती पिशवीत घालून लाटण्याने कुस्करायची आणि तिचा चुरा लोण्यात मिसळून त्याला गुलाबी रंग आणायचा, असा बेत आहे; कुस्करण्याचे काम आणि किती चुरा घालायचा हा निर्णय, दोन्ही तिच्याकडे देणार आहे.