खंड्यासोबतची सकाळ

आज पहाटे उजाडण्यापूर्वीच ओढ्याकाठच्या झुडपाआड कापडी आडोसा करून बसलो होतो. छोटा खंड्या, जेमतेम १६ सेंटिमीटरचा पक्षी, पाण्यावर झुकलेल्या एकाच वाळक्या फांदीवर पुन्हा पुन्हा येऊन बसतो, हे आधीचे तीन दिवस नुसते पाहून लक्षात आले होते. त्या तीन दिवसांत कॅमेरा पिशवीतून बाहेरही काढला नव्हता.

५०० मिलिमीटरची लेन्स, शटर १/३२०० सेकंद, कोवळ्या उजेडामुळे नाइलाजाने वाढवलेला आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता), एवढी तयारी असूनही त्याने सूर मारण्याचा क्षण हुकलाच. छायाचित्रात उरली ती रिकामी फांदी. परतल्यावर मात्र त्याने चोचीतला मासा फांदीवर आपटून निपचित केला आणि पर व खवले घशात अडकू नयेत म्हणून त्याचे डोके आत वळवून तो गिळला. हे सगळे नीट टिपता आले. छायाचित्र मोठे करून पाहताना चोचीचा खालचा भाग नारिंगी दिसला, म्हणजे ती मादी होती. मी सकाळभर तिला ‘तो’ म्हणत होतो!

पुढच्या खेपेला तिने माशाचे डोके बाहेरच्या बाजूला धरले होते. खंड्या असा मासा स्वतःसाठी नव्हे, जोडीदारासाठी किंवा पिलांसाठी नेतो. समोरच्या मातीच्या कड्यातील बिळात ती शिरली, तेव्हा माझा आडोसा घरट्याच्या फार जवळ असल्याचे ध्यानात आले. ती पुन्हा ओढ्यावर दूर जाताच सामान आवरून मी निघालो.