सतरा पावलं

शनिवार, रात्री

पोहायचा कॉस्च्युम दोरीवर वाळतोय. आधी त्यावर टॉवेल टाकला होता, झाकायला. मग वाटलं, असा कसा वाळेल? काढला. समोरच्या बिल्डिंगमधून दिसत असेल तर दिसो.

चेंजिंग रूमच्या दारापासून टँकच्या शिडीपर्यंत सतरा पावलं आहेत. तीन आठवडे मोजतेय. पहिल्या दिवशी कॉस्च्युमवर ह्यांचा टीशर्ट घालून गेले, तर दारातूनच परत पाठवलं. सुती कापड चालत नाही. पाणी पिऊन जड होतं आणि त्याचे धागे फिल्टरमध्ये जातात. कारण पटलं, पण ते सगळ्या बॅचसमोर ऐकावं लागलं. मग टॉवेल गुंडाळून निघाले आणि शिडीपाशी तो सोडवेचना. कोचबाई म्हणाल्या, "अहो ताई, पोहायला तुम्हाला शिकायचंय की टॉवेलला?"

माझा कॉस्च्युम तसा सोज्वळ आहे. फ्रॉकवाला, कोपरापर्यंत बाह्या, खाली गुडघ्यापर्यंत पँट. कोरडा असताना काही वाटत नाही. पाण्यात उतरलं की मात्र फ्रॉकची झालर छत्रीसारखी वर येते आणि मी दोन्ही हातांनी ती खाली दाबत राहते. हात असे गुंतले तर पोहणार कशाने? बाहेर येताना उलटं, सगळं अंगाला चिकटतं. पोट, मांड्या, काही म्हणजे काही लपत नाही. सेहेचाळीस वर्षांचा ऐवज.

बॅच लेडीज आहे. बाप्या नावाला नाही. मग लाजते कुणाला? आज खरं ते लिहून टाकते. लोक काय बघतात ते मला नीट माहीत आहे, कारण मीही तेच बघते. बॅचला एक आजी येतात, सत्तरीच्या पुढच्या. बिनबाह्यांचा जुना कॉस्च्युम, क्लोरीनने रंग उडालेला, इलॅस्टिक मागून सैल पडलेलं. पिंढऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी. हे सगळं मी पहिल्याच दिवशी टिपलं होतं. त्या मात्र कमरेवर हात ठेवून, वाटेत थांबून, पेटीतले किती आंबे नासके निघाले ते सांगत शिडीपर्यंत जातात. आणि पाण्यात पडल्या की न थांबता दहा फेऱ्या.

माझी आजी वाईची. धोम धरण व्हायच्या आधी गणपती घाटावरून कृष्णेत पोहायची, काष्टा घट्ट मारून, नऊवारीत. ओलेत्याने घाट चढून घरी यायची म्हणे. आईच्या वेळी ते बंद झालं, का ते कुणी सांगितलं नाही. मला तर शाळेतच "मुलींनी कशाला" असं ऐकावं लागलं. नंतर वाचलं, 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला मुंबईची डॉली नझीर आणि कलकत्त्याची आरती साहा पोहायला गेल्या होत्या. आरतीला तेव्हा बारावंही पूर्ण नव्हतं. पुढे 1959 साली तिने इंग्लिश खाडी पार केली, 16 तास 20 मिनिटांत. आणि मला सतरा पावलं जड जातात.

आज बॅचमधल्या आजींनी विचारलं, "झालर का धरून बसतेस गं?" म्हटलं, वर येते. "मग बिनझालरीचा घे की. झालरीत पाय अडकतात, म्हणून तर तुझी किक बसत नाही." माझ्या पोटाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बघत होत्या ते पाय, तेही किकसाठी.

सोमवारी टँक बंद असतो. तेव्हा दुकानात जाऊन येईन म्हणते. काउंटरवर तो विशीतला मुलगा असतो आणि साइज मोठ्याने सांगावी लागते, मग तो माळ्यावरच्या पोऱ्याला त्याहून मोठ्याने ओरडून सांगतो.