आमची वाटचाल : भोसरीचा गाळा आणि कॅराव्हॅनची दुरुस्ती

रोज एक तरी फोन येतो, दादा ट्रॅव्हलर व्हॅनवर कॅराव्हॅन, म्हणजे राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, बनवायला किती घेता. रोज तेच सांगतो की बनवणारे पुण्यात पुष्कळ आहेत, आमच्याकडे बनलेल्या गाड्या येतात. छत गळतंय, बॅटरी मध्यरात्री मान टाकते, नळ बंद असताना पंप टकटक करतो, टॉयलेटचा वास येतोय, हे आमचं काम. बनवणाऱ्यांचे फोटो निघतात, नारळ फुटतात, आमच्याकडे माणूस येतो तो वैतागूनच येतो. पण जाताना खुशीत जातो, आणि या कामाचा मला अभिमान आहे.

वडील आकुर्डीला बजाज टेम्पोत होते, म्हणजे आत्ताची फोर्स मोटर्स, २००५ ला नाव बदललं. घरात लहानपणापासून मॅटाडोर आणि ट्रॅव्हलर हेच ऐकत आलो, त्यामुळे ट्रॅव्हलरच्या पत्र्याखाली कुठे रिब (आधाराची पट्टी) आहे, कुठे ड्रिल मारायचं नाही, हे मला ड्रॉइंग न बघता सांगता येतं. भोसरीत गाळा घेतला तो मामांबरोबर. सख्खे मामा नव्हेत, वेल्डिंग लाइनमधे सगळेच त्यांना मामा म्हणतात. पत्रा आणि वेल्डिंग त्यांचं, वायरिंग आणि एसी माझं. भांडवल म्हणजे एक वेल्डिंग मशीन, जुन्या बाजारातून रविवारी उचलून आणलेला व्हाइस (तो अजून चालतो, जबडे एकदा बदलले) आणि नाना पेठेत एका दुकानात मामांच्या शब्दावर चालणारी उधारी. तेव्हा कामं म्हणजे स्कूल बसच्या सीटा, टूरवाल्यांचे एसी, दाराचे बिजागर. मग एक कॅराव्हॅन आली, गळणारी, ती कोरडी करून दिली आणि त्या मालकाने चार जणांना सांगितलं. २०२० चा लॉकडाउन उठल्यावर लोकांना हॉटेल नको झालं, २०२१ ला राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, गाड्या वाढल्या, आमचं बरं चाललं. मधल्या वर्षांबद्दल एवढंच.

हत्यारांबद्दल मात्र लिहिणार. आमच्याकडे सगळ्यात जास्त वापरली जाणारी वस्तू म्हणजे हायड्रॉलिक क्रिम्पर. जाड केबलला लग, म्हणजे टोकाचा बोल्टमधे आवळायचा तांब्याचा कान, लावताना बरेच जण हातोड्याने ठोकतात नाहीतर पक्कडीत दाबतात, वरून टेप मारली की दिसायला सगळं सारखंच. पण आत हवा राहते, तांबं काळं पडतं, जॉइंट गरम व्हायला लागतो. षटकोनी डायमधे दाबलेला लग करवतीने आडवा कापून बघा, आतल्या तारा आणि लग मिळून एकच भरीव तांबं दिसतं, एक तार वेगळी ओळखू येत नाही. आमच्याकडे नवीन पोरगा आला की पहिले काही दिवस तो फक्त लग दाबतो आणि कापतो. दुसरी वस्तू डीसी क्लॅम्प मीटर. साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट दाखवतो, बॅटरीच्या केबलला लावला तर शून्य दाखवणार आणि मेकॅनिक म्हणणार लोड नाहीये. तापकीर गल्लीत घेताना डीसी अँपिअर लिहिलंय का ते बघून घ्या, महाग पडतो पण गाडी उभी असताना बॅटरी कोण खातंय ते दोन मिनिटांत कळतं. आणि तिसरी, ओल मोजायचं दोन पिनांचं मीटर. छताचं पाणी जिथे दिसतं तिथून आत आलेलं नसतं, रूफ व्हेंटच्या (छतावरच्या हवेच्या झरोक्याच्या) कडेने शिरतं आणि रिबवरून वाहत मागच्या कपाटात ठिबकतं, डोळ्याने शोधत बसलात तर चुकीची जागा सील करत राहाल.

आता जे लिहायला बसलोय ते. २०२२ चा पावसाळा संपल्यानंतरची गोष्ट. बाणेरच्या एका आयटीवाल्या पोराच्या गाडीचं काम आम्ही केलं होतं. १००० वॅटचा इन्व्हर्टर, ३५ स्क्वेअर एमएमची केबल, बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर १२५ अँपिअरचा फ्यूज आणि त्याच्या अलीकडे आयसोलेटर, म्हणजे बॅटरी तोडायचा मेन स्विच. त्याला पुढे इंडक्शन चालवायची हौस आली. मी त्याला कागदावर लिहून दाखवलं, २००० वॅट भागिले १२ म्हणजे १६७ अँपिअर, इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरलं की १९० च्या आसपास, त्याला केबल दुप्पट जाड लागेल, फ्यूज मोठा लागेल, बॅटरी बदलावी लागेल. खर्च ऐकून तो विचार करतो म्हणाला. एक जण आहे आमच्याच लाइनमधला, नाव लिहीत नाही, त्याने निम्म्या पैशात दोन दिवसांत करून दिलं. कसं केलं, तर इन्व्हर्टर मोठा बसवला, केबल आमचीच ठेवली, आणि फ्यूज उडायला लागला म्हणून फ्यूजच काढून दोन्ही लग एका बोल्टमधे आवळले. वर इन्व्हर्टरची जागा बदलली आणि केबल सीटखालच्या पत्र्याला भोक पाडून ओढली, भोकाला ग्रोमेट (कडेला बसवायची रबरी रिंग) नाही.

फ्यूज उपकरणासाठी नसतो, केबलसाठी असतो, हे या धंद्यातल्या निम्म्या लोकांना अजून मान्य नाही. पत्र्याची कड घासून घासून केबलचं इन्शुलेशन गेलं, प्लस बॉडीला टेकला, मधे फ्यूज नाही. १२ व्होल्ट म्हणजे शॉक लागत नाही म्हणून लोक त्याला खेळणं समजतात पण चांगली भरलेली बॅटरी शॉर्टमधे हजाराच्या वर अँपिअर सोडते, केबल लाल होते. कुंभार्ली घाटात त्याच्या सीटखालून धूर निघाला. बायको आणि लहान मुलगी गाडीत. त्याला आयसोलेटर कुठे आहे ते माहीत होतं, कारण डिलिव्हरीच्या वेळी आम्ही प्रत्येकाकडून तो स्वतःच्या हाताने फिरवून घेतो, त्याने तो बंद केला, आग विझवायचा पावडरचा सिलेंडर मारला, सगळे सुखरूप. सीटबॉक्स आणि एका बाजूचं प्लाय जळालं.

पॅनलवर स्टिकर आमचं होतं. जळालेल्या सीटबॉक्सशेजारी आमचा फोन नंबर, असा तो फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्या कॅम्पिंगच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर. खाली त्या माणसाचा मेसेज, भोसरीच्या स्वस्त कामाचे परिणाम, फॅमिली घेऊन फिरता तर विचार करा. स्वस्त काम! ज्याने निम्म्यात केलं त्याने हे लिहिलं. आठवडाभरात दिलेल्या तारखा रद्द व्हायला लागल्या. एका टूरवाल्यांचं वर्षाचं मेंटेनन्सचं काम होतं त्यांनी गाड्या उचलून नेल्या, ना भांडण ना प्रश्न, नुसत्या नेल्या. आमच्याकडे शिकलेली दोन पोरं त्या मेसेजवाल्याकडे गेली, त्यांनी घर चालवायचं होतं, त्यांना मी काही बोललो नाही. गाळ्याचं भाडं थकलं. घरातलं सोनं बँकेत गहाण ठेवलं. मामांनी महिनोन्‌महिने पगार घेतला नाही आणि वर मला म्हणायचे तू जेवलास का.

या सगळ्यात एकच गाडी शेडमधे उभी होती, काकांची. काका म्हणजे आमचं गिऱ्हाईक, बँकेतून रिटायर्ड, राहतात कर्वेनगरला, काका आणि काकू दोघंच फिरतात, कोकण तर त्यांचं दुसरं घर. फोटो फिरल्यावर ते स्वतः गाडी घेऊन आले, चावी टेबलावर ठेवली, पुढच्या वर्षभराच्या कामाचा चेक फाडला आणि म्हणाले, तुझी कामाची वही दाखव. मी त्या बाणेरच्या गाडीचं जॉबकार्ड काढलं. आम्ही प्रत्येक कामाचे फोटो काढतो, फ्यूजवरचा आकडा दिसेल असा, केबलवरचं छापील माप दिसेल असा. काकांनी ते सगळं बघितलं आणि मला म्हणाले इन्शुरन्सचा सर्व्हेअर येईल तेव्हा हे त्याच्या हातात दे, ग्रुपवर एक शब्द लिहू नकोस. आणि स्वतः मात्र ग्रुपवर लिहिलं, की माझी गाडी यांच्याकडेच आहे आणि यांच्याकडेच राहील.

सर्व्हेअर आला, त्याने केबल कापून नेली, भोकाच्या कडेला वितळून चिकटलेलं तांबं स्पष्ट दिसत होतं. बोल्टमधे आवळलेले लग त्याने फोटोसकट नोंदवले. आमच्या जॉबकार्डातला फ्यूज आणि गाडीतला बोल्ट, दोन्ही फोटो शेजारी शेजारी. रिपोर्ट आमच्या बाजूने झाला. तो बाणेरचा मुलगा घरी येऊन भेटून गेला, चांगला मुलगा आहे. पण ज्या ग्रुपवर तो पहिला फोटो फिरला तिथे रिपोर्ट कुणी वाचला नाही, आणि ज्याने तो मेसेज टाकला त्याने आजपर्यंत एक ओळ दुरुस्ती केलेली नाही. एक्झिबिशनमधे समोरासमोर येतो तेव्हा हात पुढे करतो. मी करत नाही.

कामं हळूहळू परत आली. आता प्रत्येक गाडीत आम्ही बॅटरीबॉक्सच्या झाकणाला आतून छोटा कागद लॅमिनेट करून लावतो, केबलचं माप, फ्यूजचा आकडा, तारीख. दुसऱ्या कुणी बदल केला तर त्याने त्याची तारीख त्याखाली लिहावी.

विषय निघालाच आहे तर बॅटरीचं सांगतो. काका रोज सकाळी सोलर चढायच्या आत व्होल्टेज वहीत लिहितात आणि तसं सगळ्यांनी करावं. साध्या लेड अ‍ॅसिडला लोड नसताना १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली रोज नेलीत तर वर्षात बॅटरी गेली. लिथियमला हे आकडे लावू नका, ती १३ च्या वर सपाट बसते आणि मग एकदम झोपते, तिला शंट (आत-बाहेर जाणारा करंट मोजायची पट्टी) असलेला मॉनिटरच पाहिजे. लिथियम अल्टरनेटरला डायरेक्ट जोडू नका, ती मागेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर भाजतो, मधे डीसी टू डीसी चार्जर टाका. स्पितीला जाणार असाल तर सेल शून्य डिग्रीच्या खाली असताना चार्ज होऊ द्यायचा नाही, चांगल्या बीएमएसमधे, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटमधे, हा कट असतो, आहे का ते घेतानाच विचारा.

आरसीचंही. सर्व्हेअरने पहिला प्रश्न इन्व्हर्टरचा नव्हता विचारला, आरसीचा विचारला. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, गाडीत बदल केला तर तो नोंदवावा लागतो. मोटर कॅराव्हॅनला एआयएस-१२४ हे वेगळं स्टँडर्ड आहे आणि गाड्या तपासून मान्यता देणारी एआरएआय तर आपल्याच वेताळ टेकडीवर आहे. साध्या प्रवासी गाडीत बेड आणि गॅस टाकून फिरणाऱ्यांनी क्लेम करायची वेळ आली तर काय होईल याचा विचार आधी करावा.

सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. सिलेंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक पाहिजेच, आणि ते भोक आतून थंडी येते म्हणून बुजवलेल्या गाड्या मी बघितल्यात. गॅसच्या ट्यूबवरची तारीख वाचा, पाच वर्षं झाली की बदला. गळती साबणाच्या पाण्याने बघायची, काडी पेटवून नाही, हे लिहावं लागतंय कारण करणारे आहेत.

पंप आपोआप टकटक करतो म्हणजे कुठेतरी प्रेशर उतरतंय. पंपानंतरचा कॉक बंद करा, तरी टकटक चालू असेल तर पंपाचा व्हॉल्व्ह, थांबली तर पुढे गळतंय. कॅसेट टॉयलेटच्या (ज्याची टाकी काढून रिकामी करतात त्याच्या) रबरी सीलला व्हॅसलिन किंवा खोबरेल लावू नका, रबर फुगतं, सिलिकॉन ग्रीस लावा.

टायरच्या नक्षीवर जाऊ नका. कॅराव्हॅन चालते कमी आणि उभी जास्त राहते, नक्षी नवी दिसते आणि साइडवॉलला भेगा. कडेला शेवटचे चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचा टायर घेऊन ताम्हिणी उतरू नका. आणि भरलेली गाडी, पाणी, सिलेंडर, माणसं सगळं धरून, एकदा वजनकाट्यावर न्या, पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, लोक विसरतात. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, ते हवेतलं पाणी पितं आणि घाटात गरम झाल्यावर पेडल खाली जातं. कोकणातून आलात की त्याच आठवड्यात खालून गोड्या पाण्याने धुवा, काका करतात, त्यांच्या गाडीची चासी बघायला या.

छताला बाथरूमचं सिलिकॉन कुणी लावू देऊ नका. एकदा ते लागलं की त्यावर दुसरं काहीच धरत नाही, आम्हाला तासन्‌तास खरवडावं लागतं आणि ते पैसे तुमचेच. व्हेंटच्या फ्रेमखाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), कडेने पॉलियुरेथेन सीलंट, स्क्रूची डोकी झाकलेली. सीलंटला कोरडा पत्रा लागतो, म्हणून छताची कामं आम्ही एप्रिल-मे मधेच घेतो आणि मामा स्वतः वर चढतात. जूनमधे पाणी ठिबकायला लागल्यावर गाडी आणलीत तर आधी ती शेडमधे वाळवावी लागते, आणि त्या महिन्यात शेडमधे जागा नसते.