हुकापासून सुरुवात

पाथर्डीकडच्या एका शेतकऱ्याला जुना महिंद्रा ५७५ घ्यायचा होता. बारा एकर जमीन, सहा फुटी रोटाव्हेटर, पेरणीयंत्र आणि घरचा माल वाहायला एक ट्रॉली, एवढंच काम. नेवासा तालुक्यात २०१७ चं एक मॉडेल विकायला निघालं होतं, मागणी ४ लाख १० हजार. "मिस्त्री, तुम्ही फक्त इंजिन ऐका, बाकीचं मी बघतो," असं दादांचं म्हणणं. माझा हिशेब उलटा आहे. इंजिन सगळेच ऐकतात, म्हणून विकणारा आधी इंजिनच नीट करून ठेवतो. मागची बाजू मात्र कोणी वाकून बघत नाही, आणि खर्चाची मोठी कामं तिथेच निघतात.

आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं, आम्ही येईपर्यंत ट्रॅक्टर सुरू करू नका. सकाळी पोचल्यावर बॉनेट उघडून हेडवर हात ठेवला तर हात टेकवेना. गार इंजिन सुरू व्हायला किती सेल्फ (स्टार्टर) खातं, पहिल्या मिनिटात पांढरा धूर किती टाकतं, बॅटरीत दम आहे का, हे सगळं गरम इंजिनात झाकलं जातं. वाद घातला नाही. इंजिन दोन तासांनी बघू म्हटलं आणि मागून सुरुवात केली.

ट्रॉलीच्या हुकाचं भोक गोल राहिलेलं नव्हतं, लांबट झालं होतं. पिन घालून हलवली तर बोटभर खेळ. शेजारी लिफ्टचे खालचे दोन्ही आर्म बघितले, तर त्यांच्या टोकाच्या बॉलवर कंपनीचा रंग अजून शिल्लक. रोटाव्हेटरसारखी अवजारं फिरवणाऱ्या पीटीओ शाफ्टच्या स्प्लाइन (खाचांचे दाते) धारदार, खाचेत रंग तसाच. आता जोडून बघा. आठ वर्षं घरच्या शेतीत चाललेल्या ट्रॅक्टरचे आर्म झिजायला हवेत आणि हुक बरा असायला हवा. इथे नेमकं उलटं होतं.

टायरही तेच सांगत होते. मागचे १३.६ बाय २८, लग (टायरचे उंच दाते) मधोमध घासून सपाट झालेले आणि कडेला बऱ्यापैकी उंच. मऊ रानात चालणाऱ्या टायरची झीज अशी नसते, ही डांबरी रस्त्याची झीज. पुढच्या बंपरवर वजनाच्या पाट्या लावलेल्या होत्या. दोन ट्रॉल्या भरून ओढताना पुढचा भाग उचलतो, म्हणून त्या लावतात. मडगार्डवर बोल्टची चार भोकं आणि बॅटरीकडून आलेली एक जाड, तोडलेली वायर होती, म्हणजे गाण्यांचा साउंड काढून घेतलेला. (कारखान्याच्या रस्त्यावर गाणी न लावता चालणारा ट्रॅक्टर अजून कोणी दाखवलेला नाही.)

"घरच्या शेतीचाच आहे," असं सांगणाऱ्या मालकांना मी एवढंच विचारलं, "आप्पा, किती हंगाम ऊस ओढला?" थोडा वेळ गेला, मग सगळं निघालं. चार हंगाम वाहतूक केली होती. यंदा ऊसतोड मजूर आणणाऱ्या मुकादमाला उचल (आगाऊ पैसे) दिली आणि टोळी आलीच नाही, म्हणून ट्रॅक्टर काढायचा होता.

ऊस ओढला म्हणजे ट्रॅक्टर बाद, असं मी म्हणत नाही. दोन ट्रॉल्यांत पंधरा-वीस टन घेऊन चिखलाच्या रानातून निघताना ड्रायव्हर क्लच अर्धवट दाबून धरतो, त्यात प्लेट जळते. उतारावर मागचा भार ढकलतो, तो ब्रेक आणि क्राउन-पिनियन (मागच्या चाकांना जोर देणारे गिअर) सोसतात. झीज कुठे शोधायची ते कळलं, की निम्मी तपासणी झाली.

तासांच्या मीटरवर २,८६० चा आकडा होता. क्लच पेडलवरचं रबर मात्र लोखंडापर्यंत गेलेलं. मीटरची केबल पाहिली तर इंजिनाकडच्या टोकाला सुटलेली. केबलवाला मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. कमी आरपीएमवर तो घड्याळापेक्षा हळू सरकतो आणि केबल सुटली की थांबतो. म्हणून त्या आकड्यावर किंमत ठरवायचीच नाही. आकडा बघायचा असेल तर अर्धा तास इंजिन चालवून शेवटचं चाक सरकतं का एवढं बघावं.

मग बेल हाउसिंग. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या या खोक्याला तळाशी एक भोक असतं, त्यात कॉटर पिन अडकवलेली असते. तिथे बोट फिरवलं. काळं, पातळ तेल आलं तर क्रँकचं मागचं सील गेलंय. घट्ट, उग्र वासाचं आलं तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील. दोन्हींत क्लच प्लेट तेलात भिजते. इथे बोट कोरडं निघालं. हाउसिंगला बाहेरून वेल्डिंगची रेघ नव्हती, जोडाच्या बोल्टवरचा रंग पान्याने उडालेला नव्हता. म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करायला ट्रॅक्टर मधून कधी फोडलेला नाही. हे चांगलंही आणि वाईटही, कारण चार हंगाम ऊस ओढून क्लच मूळचाच!

सगळ्यात महत्त्वाचं काम पुढे होतं. मागच्या हाउसिंगचा ड्रेन बोल्ट सैल करून लिटरभर तेल परातीत काढलं आणि दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक त्यातून फिरवलं. चुंबकाला काळी, बारीक मळी लागते ती नेहमीची झीज, तिचं भय नाही. बोटाला टोचणारे चकचकीत तुकडे आले तर गिअर किंवा क्राउन-पिनियनचा दात उडतोय, मग भाव कितीही पाडून मिळाला तरी घेऊ नये. तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. आप्पा तेल काढू द्यायला आधी नाखूश होते. नाही म्हणाले असते तर आम्ही तिथूनच परतलो असतो. चुंबकाला फक्त मळी आली. काढलं तेवढं नवं तेल पुन्हा भरलं.

इंजिन गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी गंजकट, पण वर तेलाचा तवंग नाही. ऑइलची पट्टी बघितली तर तेल काळं, पातळी बरोबर. पातळी खुणेच्या वर असेल तर आनंद मानू नये, डिझेल किंवा पाणी मिसळत असण्याची शक्यता असते. तेल बोटांत चोळून बघितलं. धूर आणि कमी प्रेशर झाकायला मुद्दाम जाड तेल भरलेलं असतं, ते बोटाला लगेच कळतं. हे नव्हतं.

दुसऱ्या सेल्फला इंजिन सुरू. पांढरा धूर अर्ध्या मिनिटात गेला. निळा धूर असता तर रिंग-पिस्टन किंवा व्हॉल्व्ह गाइडमधून तेल जळतंय. रेस दिल्यावर काळा सोडत राहिला असता तर एअर फिल्टर, नोझल किंवा पंप. ऑइल भरायचं झाकण काढून वर तळहात धरला, वाफेचा हलका झोत लागला, धाप नव्हती. रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते, म्हणजे हेड गॅस्केट शाबूत.

शेजाऱ्याचा नऊ फणी कल्टिव्हेटर जोडून पाऊण तास रानात चालवला, मग ऑइल प्रेशर बघितलं. गार इंजिनात काटा सगळ्यांचाच वर असतो, खरा आकडा गरम झाल्यावरचा. आयडलिंगला काटा एक किलोच्या वर राहिला आणि रेसवर तीनच्या पुढे गेला. काटा एकच्या खाली बसला असता तर मेन बेअरिंग आणि ऑइल पंपावर संशय घेतला असता. लिफ्टवर कल्टिव्हेटर उचलून इंजिन बंद केलं, आर्मच्या उंचीची खडूने खूण केली. दहा मिनिटांत तो बोटभर खाली आला, चालेल. लिफ्ट हिचके देत असती तर सिलिंडरचं सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह.

क्लच मात्र अपेक्षेप्रमाणे निघाला. मोकळ्या जागी दोन्ही ब्रेक लॉक केले, वरचा गिअर टाकला, मध्यम रेसवर क्लच सोडला. चांगला क्लच असेल तर इंजिन धाडकन बंद पडतं. हे गुरगुरत राहिलं आणि जळका वास आला. ही चाचणी एकदाच, दोन सेकंदांत उरकावी, नाहीतर उरलेली प्लेट आपणच जाळू. ब्रेक वेगवेगळे दाबून वळवून बघितलं तर उजवा कमजोर, त्या बाजूच्या एक्सल सीलमधून तेल गळत होतं. पुढचा एक्सल जॅकवर उचलला, चाक वर-खाली हलवलं, तर दोन्हीकडे किंगपिनच्या (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) बुशला खेळ. पुढच्या टायरची एक कड खाल्ली होती, ती त्यामुळेच.

कागद दुपारी पाहिले. इंजिन आणि चेसिस नंबरवरचा रंग खरवडून आकडा न् आकडा आरसीशी ताडला, जुळला. आरसीवर बँकेचा बोजा होता. "कर्ज फिटलंय," असं आप्पा म्हणाले आणि बेबाकी दाखलाही दाखवला. पण दाखला मिळाल्याने आरसीवरचा बोजा उतरत नाही. त्याला बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आरटीओत द्यावा लागतो, तो दिलेलाच नव्हता. शिवाय नंबर टाकून बघितल्यावर दोन ई-चलनं थकलेली निघाली.

मग भाव. शेजारपाजारचे जुने सौदे पुढे करून चालत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. सात लाखांच्या नव्या ट्रॅक्टरमागे चाळीस-पंचेचाळीस हजारांचा फरक पडला, तसा जुन्याचाही भाव उतरला पाहिजे. फक्त शेतीत चाललेल्या याच सालच्या मॉडेलला आमच्याकडे तेव्हा ४ लाखांच्या आसपास भाव होता. त्यातून वजावट केली. क्लच सेट, फ्लायव्हील घासणं आणि मजुरी मिळून २२ हजार. मागच्या टायरजोडीची निम्मी किंमत २० हजार. निम्मीच, कारण उरलेला निम्मा टायर दादा वापरणार होते. किंगपिन, बुश, टाय रॉड एंड ७ हजार. ब्रेक आणि एक्सल सील ६ हजार. सगळी तेलं आणि फिल्टर ६ हजार. एकूण ६१ हजार, म्हणजे ३ लाख ३९ हजार. कागद समोर ठेवून एकेक ओळ वाचली. आप्पांनी टायरवर थोडी घासाघीस केली, क्लचवर मात्र बोलले नाहीत. ३ लाख ४५ हजारांना ठरलं.

इसारपावतीवर थकलेली चलनं विकणाऱ्याने भरायची आणि ३० हजार फॉर्म ३५ होईपर्यंत राखून ठेवायचे, असं लिहून घेतलं. बाकी रक्कम बँकेतून. मालकी बदलायच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर त्याच बैठकीत सह्या घेतल्या. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, विमाही १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. आप्पांना घाई नव्हती. अपघात झाला तर आरटीओत ज्याचं नाव, भरपाई त्याच्या गळ्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच ठरवून दिलंय, हे सांगितल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ते स्वतः बँकेत जाऊन फॉर्म ३५ घेऊन आले. बोजा उतरल्यावर त्यांचे ३० हजार दिले.

ट्रॅक्टर वर्कशॉपात फोडला तेव्हा प्लेट रिव्हेटपर्यंत गेली होती आणि फ्लायव्हीलवर निळे डाग होते. लेथवर घासून ते निघाले. प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग प्लेटबरोबरच बदललं, कारण एवढ्यासाठी पुन्हा ट्रॅक्टर फोडायचा तर मजुरी दुसऱ्यांदा लागते. खर्च २३ हजार ४०० आला.