ओट्याच्या स्लॅबवरचं लेबल

किचन ओट्याचा क्वार्ट्झ कापणाऱ्या एका वर्कशॉपमधली धूळ मोजायला गेलो होतो. तिथली एक स्लॅब अजून डोक्यातून जात नाही. भारतातच बनलेली, अमेरिकेला जायची होती. शेड जुळली नाही म्हणून इथल्या बाजारात आली. मागच्या बाजूला निर्यातीचं इंग्रजी लेबल तसंच होतं: कापताना, घासताना श्वासात जाणारी सिलिका उडते, कर्करोगाचा धोका आहे. सिंकचा कटआउट काढताना ब्लेड त्या लेबलमधूनच गेलं.

बाजारात ज्याला नुसतं 'क्वार्ट्झ' म्हणतात, ती रेझिनमध्ये बांधलेली दगडाची भुकटी असते. त्यात सिलिका बहुधा ९० टक्क्यांच्या वर. ग्रॅनाइटमध्ये साधारण त्याच्या निम्मी किंवा कमीच, संगमरवरात नाममात्र. "साहेब, याची धूळ ग्रॅनाइटसारखी खाली बसत नाही," असं तिथला कारागीर आपणहून म्हणाला. त्याचं निरीक्षण अचूक होतं.

धूळ मोजायची तर हवा ओढणारा पंप कारागिराच्या कमरेला आणि सायक्लोन, म्हणजे जाड कण खाली पाडून बारीक तेवढे फिल्टरवर जाऊ देणारं छोटं उपकरण, कॉलरजवळ. ॲल्युमिनियमच्या सायक्लोनला मिनिटाला २.५ लिटर हवा लागते, नायलॉनच्याला १.७. कॅलिब्रेशन, म्हणजे पंपाचा प्रवाह तपासून नेमका लावणं, सायक्लोन जोडूनच करायचं. प्रवाह घसरला की जाड कणही फिल्टरवर येतात आणि आकडा फुगतो. आणि काढताना सायक्लोन कधीही उलटा करायचा नाही. खालच्या कपातली भरड फिल्टरवर सांडली की अख्खी पाळी वाया. हे घाईत हमखास चुकतं आणि प्रयोगशाळेला त्याचा पत्ता लागत नाही.

मालकांनी पाण्यावरचं ब्रिज कटर घेतलं होतं, त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. पण कटआउटचे कोपरे आणि कडेचं मोल्डिंग हातातल्या ग्राइंडरने, कोरडं. हेल्पर झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीतून नावापुरतं पाणी सोडत होता. हातात धरायच्या कट-ऑफ सॉसाठी ब्रिटनची कामगार-सुरक्षा संस्था एचएसई मिनिटाला किमान अर्धा लिटर पाणी सांगते. म्हणजे लिटरची बाटली दोन मिनिटांत संपायला हवी. इथे ती तासभर पुरत होती. विजेच्या ग्राइंडरवर जास्त पाणी सोडायला कारागीर घाबरतात, ते बरोबरच आहे. त्यासाठी हवेवर चालणारा, पाण्याची नळी आतूनच आलेला ग्राइंडर लागतो. शिवाय जमिनीवरचा गाळ रात्रीतून वाळतो आणि सकाळी झाडू लागला की पाण्याने दाबलेली सगळी धूळ परत हवेत. गाळ ओला असतानाच उचलायचा, कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकायचे नाहीत.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या आपल्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात श्वासात जाणाऱ्या धुळीच्या मर्यादेचं सूत्र होतं: १० भागिले (धुळीतल्या क्वार्ट्झची, म्हणजे स्फटिक सिलिकेची, टक्केवारी अधिक २). ९० टक्के धरले तर घनमीटरला ०.११ मिलिग्रॅम धूळ. त्यातली सिलिका जवळपास ०.१, म्हणजे अमेरिकेच्या ०.०५ या मर्यादेच्या दुप्पट. माल दोन्हीकडे तोच, फुफ्फुसंही तशीच; हा फरक मला पटला नाही.

२०१२ साली इस्रायलमधल्या डॉक्टरांनी असा दगड कापून सिलिकोसिस, म्हणजे सिलिकेच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, झालेल्या २५ कामगारांची नोंद प्रसिद्ध केली. ती जमली कारण फुफ्फुस प्रत्यारोपणाच्या एकाच केंद्रात ते सगळे तपासणीसाठी आले होते. ऑस्ट्रेलियात तपासण्या झाल्या, एक्स-रेत न दिसलेला आजार सीटीत दिसला, आणि १ जुलै २०२४ पासून तिथे हा दगड बनवणं, विकणं, बसवणं बंद झालं. आपल्याकडे तिशीतला कारागीर खोकत आला की एक्स-रेवरचे ठिपके पाहून टीबीची औषधं सुरू होतात. सिलिकोसिस असलेल्याला टीबीही लवकर गाठतो, त्यामुळे डॉक्टरांना सगळा दोष देता येत नाही. त्यांच्यासमोरच्या कागदावर 'फरशीकाम' एवढंच असतं.

म्हणून अहवालाबरोबर प्रत्येक कारागिरासाठी, डॉक्टरांना दाखवायला, मालकांच्या सहीची एक चिठ्ठी मागितली: कृत्रिम क्वार्ट्झ, सिलिका ९० टक्क्यांवर, कोरडं कटिंग, किती वर्षं, एक्स-रे स्वच्छ आला तरी सीटीचा विचार व्हावा. पगारपत्रकावरच्यांना ती मिळाली. कोपरे कापणारे रोजंदारीवरचे आहेत. त्यांच्या चिठ्ठ्यांवर मालकांची सही अजून झालेली नाही.