तुम्ही विचारलंत म्हणून: तो धंदा कायदेशीर आहे का?

नागपुरातल्या गंगा-जमुना या वेश्यावस्तीतल्या बायांसोबत काम करते असं कळलं की लग्नाच्या पंगतीतही कोणीतरी विचारतंच, "ताई, तो धंदा कायदेशीर आहे का हो?"

धंदा करणं गुन्हा नाही. पण तो करायला जागाच कायद्यानं ठेवलेली नाही.

१९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, ज्याला पोलीस आणि बायाही 'पिटा' म्हणतात, सज्ञान बाईनं आपल्या मर्जीनं धंदा केला एवढ्यावरून शिक्षा देत नाही. मात्र दोघींनी मिळून एका खोलीत धंदा केला, की तो कुंटणखाना. माहीत असून खोली भाड्यानं देणारा घरमालकही अडकतो. रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावलं तर कलम ८. देऊळ, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांच्या २०० मीटरच्या आत धंदा केला तर कलम ७. आता गंगा-जमुना ज्या भागात आहे त्या इतवारीत एकही देऊळ न लागता २०० मीटर चालून दाखवा बरं! ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी बॅरिकेड लावून गंगा-जमुना बंद केली. अल्पवयीन मुली आणणाऱ्यांवर कारवाई हवीच, त्यात दुमत नाही. पण सज्ञान बाईनं जायचं कुठे, हे कोण सांगणार?

मला सगळ्यात खुपतं ते कलम ४. धंद्याच्या कमाईवर जगणाऱ्या कोणाही सज्ञान माणसाला २ वर्षांपर्यंत कैद. हे दलालासाठी असेल, पण शब्दशः वाचलं तर आईच्या पैशावर कॉलेजात शिकणारा पोरगाही त्यात येतो.

१९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं थोडी वाट मोकळी केली. रेड पडली तरी मर्जीनं धंदा करणाऱ्या बाईला अटक करायची नाही, त्रास द्यायचा नाही. निरोध सापडला म्हणून तो पुरावा धरायचा नाही. पत्त्याचा पुरावा नसला तरी राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रमाणपत्रावर आधार मिळेल, आणि त्यात धंद्याचा उल्लेख येणार नाही. बायांना या शेवटच्या गोष्टीचं अप्रूप जास्त. रेशन, बँक, पोरांची शाळा, सगळं आधारवरच अडतं ना.

एचआयव्हीबद्दल काही विचारायचं असेल तर १०९७ ला फोन लावायचा. वकील हवा असेल तर १५१००, किंवा जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण. फुकट मिळतो. कोणी उत्पन्नाचा दाखला मागितला तर सांगायचं, विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईमाणसाला तो लागत नाही.