चार चाकांचं इंजिन सांध्यावर का अडतं

कारखान्यांच्या आणि बंदरांच्या आवारात वाघिणी ढकलणारी वाफेची छोटी इंजिनं बरीचशी चार चाकांची असायची, बॉयलरवर खोगिरासारखी पाण्याची टाकी घातलेली. दोन आसांतलं अंतर कमी असल्यामुळे ती आवारातल्या अवघड वळणांवरून निघायची, आणि टाकीतल्या पाण्याचं वजन चाकांवर पडून पकड मिळायची. ब्रिस्टलच्या पेकेट अँड सन्सचं डब्ल्यू ४ हे त्यातलं एक. रेल्वेची छोटी मॉडेलं बनवणाऱ्या हॉर्न्बी कंपनीने २०१६ मध्ये त्याचं ओओ मापातलं मॉडेल जाहीर केलं. ठाण्यातल्या वन बीएचकेत गोल ट्रॅकला जागा कुठली. तिथे असं इंजिन आणि ४ फूट बाय १ फुटाची फळी हाच शहाणपणाचा मार्ग.

ओओ म्हणजे १:७६.२, एका फुटाला ४ मिमी. खऱ्या इंजिनाच्या आसांत ५ फूट अंतर असेल तर मॉडेलमध्ये ते २० मिमी भरतं. सगळी डोकेदुखी या २० मिलिमीटरमध्ये आहे. वीज रुळांतून येते आणि प्रत्येक रुळावर चाकं दोनच. सांधा म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा, आणि तिथे रूळ एकमेकांना छेदतात तो टोकदार भाग म्हणजे फ्रॉग. एक चाक सांध्याच्या प्लास्टिकच्या फ्रॉगवर आणि दुसऱ्याखाली मळाचा ठिपका, की इंजिन जागच्या जागी बंद. आठ चाकांवरून वीज घेणारं मोठं इंजिन त्याच ठिकाणाहून बिनबोभाट जातं, म्हणून दोष छोट्याच्या मोटरवर येतो. मोटर बहुधा ठणठणीत असते. इंजिन उघडण्याआधी रूळ तपासा.

फळीसाठी १२ मिमीचा मरीन प्लाय घ्या, शिक्का आयएस ७१० चा बघून, आणि कापलेल्या कडांनाही वॉर्निश मारा. पावसाळ्यात प्लाय कडेनेच पाणी ओढतो, फळी पीळ खाते आणि चारातलं एक चाक हवेत राहतं. रूळ लावून झाले की इंजिन हळू चालवत नेऊन थांबवा आणि प्रत्येक चाकाखाली पातळ कागदाची पट्टी सरकवून बघा. पट्टी सहज आत गेली तर तिथे खोलगट आहे.

विजेसाठी फिशप्लेटवर, म्हणजे रुळांचे तुकडे जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर, विसंबू नका. खाडीकाठच्या दमट हवेत, मग ते कोपरी असो की वाशी, वर्ष-दोन वर्षांत फिशप्लेटच्या आत थर धरतो. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून वायर सोल्डर करा, ७/०.२ ची (०.२ मिमीच्या सात तारांची) पुरते. रूळ आधी घासून घ्या, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा लेप) लावा, तापलेलं टोक दोन-तीन सेकंदच टेकवा. जास्त वेळ धरलंत तर प्लास्टिकचे स्लीपर वितळतात आणि रुळांतलं १६.५ मिमी अंतर बिघडतं.

सांधे धातूच्या फ्रॉगचेच घ्या. पेको कंपनीच्या इलेक्ट्रोफ्रॉग प्रकारच्या सांध्यात फ्रॉगमधून निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांवर प्लास्टिकचे जोड हवेत. ते विसरून पुढच्या साइडिंगला (वाघिणी उभ्या करायच्या बाजूच्या रुळाला) वायर दिलीत की सांधा फिरवताच शॉर्ट. पेकोच्याच युनिफ्रॉग सांध्यात फ्रॉग आधीच वेगळा असतो आणि खालून एक वायर लोंबत असते. मोठ्या इंजिनाला ती न जोडताही चालतं, चार चाकांच्या इंजिनासाठी मात्र जोडाच. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा डीपीडीटी स्लाइड स्विच पुरतो: फ्रॉगची वायर मधल्या पायाला, दोन रूळ कडेच्या पायांना, आणि स्विचच्याच दांड्याला कडक तार बांधून सांधा हलवायचा. इंजिन फ्रॉगवर येताच कंट्रोलर कट होत असेल तर कडेच्या दोन वायरी अदलाबदल करा.

आता चाकं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेला टिश्यू रुळांवर आडवा टाका. एक जोडी टिश्यूवर, दुसरी उघड्या रुळावर ठेवून इंजिन वरून हलकं धरा आणि ६ ते ८ व्होल्ट द्या. दांड्याने जोडलेली असल्याने चारही चाकं फिरतात आणि टिश्यूवर दोन काळ्या रेघा उमटतात. रेघा फिक्या पडल्या की इंजिन उलटं फिरवून दुसरी जोडी. रुळांनाही अल्कोहोलच, पंखा आणि गॅस बंद, खिडकी उघडी. पॉलिश पेपर नको. त्याच्या चऱ्यांत मळ पुन्हा बसतो, आणि घोडबंदर रोडला बांधकामाच्या धुळीची कमतरता नाही.

तरीही अडलं तर चाकांच्या पाठीला घासणाऱ्या पिकअप पट्ट्या बघा. दाब कमी पडला तर वीज तुटते, जास्त झाला तर पट्टीच ब्रेक बनते. चिमट्याने केसभर वाकवा आणि मल्टीमीटरने चारही चाकं वेगवेगळी तपासा. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.४ ते १४.५ मिमी हवं. त्यात फरक असला की फ्रॉगवर धक्का बसतो. तेल सुईच्या टोकावर मावेल तेवढंच, प्लास्टिकला चालणारं. जास्तीचं तेल ओघळून चाकांवर येतं आणि वर केलेली सगळी साफसफाई पाण्यात जाते.

वजन वाढवल्याने फरक पडतो. टाकीत किंवा कॅबच्या फरशीखाली पोकळी असेल तर शिशाचे बारीक तुकडे भरा, भार दोन आसांच्या मधोमध येईल असे. मात्र फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात शिसं बसवू नका. हळूहळू त्यावर पांढरा थर धरून ते फुगतं आणि काही महिन्यांनी टाकीच फाडतं. इपॉक्सी वापरा. शिसं हाताळताना हातमोजे.

कंट्रोलर साधा, गुळगुळीत डीसी देणारा घ्या. छोट्या इंजिनांत कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेली) मोटर असू शकते आणि मोटरचा वेग मोजून वीज कमीजास्त करणारे जुने फीडबॅक कंट्रोलर तिला तापवतात. कपॅसिटर टाकून मधले खंड भरून काढावेत असं वाटेल, पण साध्या डीसीवर दिशा बदलली की ध्रुव उलटतात, तो उपाय डीसीसी म्हणजे डिजिटल पद्धतीच्या, इंजिनात बसवायच्या डिकोडरसोबतच. डीसीवर त्यापेक्षा मागे कायमची जोडलेली एक वाघीण ठेवा, तिच्या चाकांना पिकअप लावून बारीक लवचिक वायर इंजिनात न्या. २० मिमीचा प्रश्न तिथेच सुटतो.

फळीवर काय मांडायचं, तर अॅलन राइटचं इंगलनूक हे वाघिणी लावण्याचं कोडं: दोन सांधे, तीन साइडिंग, त्यांत ५, ३ आणि ३ वाघिणींची जागा, आणि पुढे इंजिन अधिक ३ वाघिणी मावतील एवढा रूळ. एकूण ८ वाघिणी. चिठ्ठ्या टाकून त्यातल्या ५ ठरलेल्या क्रमाने लावायच्या. असे क्रम ६,७२० होतात. मात्र ही इतकी मागेपुढे सांध्यांवरूनच करायची असते, म्हणून फ्रॉगची वायर आधी, शेड आणि झाडं नंतर.